बंदरच्या तापाची आणि न जाळिल्या होड्यांची बखर

श्री. ज्याच्या आज्ञेनें समुद्रही आपली मर्यादा सांभाळितो, त्यास नमन करून हें वर्तमान लिहिलें. शके सोळाशें बावन्न, साधारण नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयीं राज्याचा धनी अल्पवयी, सबब मातुश्री बाईसाहेब गादीचा कारभार पाहात होत्या, आणि कायद्यांचे मजकूर सिद्ध करण्याचें काम अंताजी प्रभू चिटणीस यांजकडे होतें. राज्याचे मूळ पुरुष थोरले महाराज यांनीं दरबाराचे दारीं शिळा बसवून तीवर कोरविलें होतें कीं, अपराधावांचून कोणास दंड नाहीं, आणि ज्यांवर कायदा पडणार त्यांचें ऐकिल्यावांचून कायदा नाहीं. या दोहोंस गादीही बांधलेली. त्या सालीं घाटावर पीक बुडालें आणि धान्य टोपीकरांच्या, म्हणजे समुद्रापलीकडच्या फिरंग्यांच्या, जहाजांतून येऊं लागलें, आणि दुर्दैवें बंदरांत गांठीचा ताप शिरून कोळवाड्यांत घरोघर माणसें पडूं लागलीं. मग टोपीकरांचा वकील दुभाषी घेऊन दरबारीं आला आणि बोलिला कीं, "आजारी माणसें वेगळीं काढा, आणि कोळ्यांच्या होड्या व घरें जाळून टाका. तैसा कायदा अमावास्येपूर्वीं न कराल, तर आमचें एकही जहाज तुमच्या बंदरीं लागणार नाहीं." मुख्य कारभारी रायाजीपंत म्हणाले, "यांत विचार तो काय करावयाचा? धान्य यांच्या जहाजांत आहे. चिटणीस, लिहा."

अंताजी प्रभूंनीं बोरू शाईंत बुडविला. घरीं त्यांची रांगती नात होती आणि ताप त्यांच्या आळीच्या तोंडाशीं आला होता, म्हणोन होड्या जळाल्या तर बरें, ऐसें त्यांच्याही मनांत आलें होतें. परंतु बोरू त्यांनीं खालीं ठेविला. मग उठोन हात जोडिले आणि म्हणाले, "बाईसाहेब, हा मजकूर माझ्यानें लिहवत नाहीं. कोळ्यांचा अपराध काय तें मला ठाऊक नाहीं, आणि त्यांस आपण विचारिलेंही नाहीं." रायाजीपंत संतापले. "माणसें मरताहेत आणि आपण शिळा वाचीत बसावें? थोरल्या महाराजांस हा ताप कोठें ठाऊक होता?" अंताजी म्हणाले, "ताप ठाऊक नसेल, भय ठाऊक होतें. सुखाच्या दिवसांत ती शिळा कोणास लागते? माझी चिटणिशी काढून घ्या, परंतु आधीं त्यांस विचारा." बाईसाहेब म्हणाल्या, "भितें तर मीही, चिटणीस. पण गादी बांधलेली आहे. उद्यां कोळ्यांचें ऐकूं."

दुसरे दिवशीं अवघा दरबार समुद्रकांठीं वाळूवर बसला आणि कोळ्यांची होडी लाटांपलीकडे उभी राहिली, कीं ताप इकडे न यावा. होडींत चांगुणा तांडेलीण उभी होती. तिचा नवरा तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, तो घरीं तापानें पडलेला. वारा उलटा, शब्द पोंचेना, मग अंताजी धोतर खोंचून गुडघाभर पाण्यांत गेले आणि तिचें बोलणें मागें ओरडून सांगूं लागले. चांगुणा ओरडली, "आम्ही आजारी लपवतो, खरं आहे! का लपवतो? दाखवला तर घर जाळाल म्हणून! जाळणार नाही असं लिहून द्या, मग आम्हीच एकेक माणूस बाहेर काढून देऊ. समोरच्या बेटावर ठेवा. पण शिधापाणी द्या, आणि माणसाजवळ त्याचं एक माणूस राहू द्या. आणि होडी जाळू नका. होडी गेली तर तापातून वाचून करायचं काय?"

दुभाष्यानें हें वकिलास सांगितलें. वकील पाण्याकडे पाहात राहिला आणि हळू आवाजांत बोलिला, "आमच्या गांवीं आजाऱ्यांचीं दारें बाहेरून खिळे ठोकून बंद केलीं होतीं. आंत माझी आई होती. लोकांनीं मग आजार लपविला आणि ताप गांवभर झाला. ही बाई खरें बोलते. माणसें वेगळीं ठेवणें मात्र सोडूं नका, आणि घरांतले उंदीर मारा, कपडे उन्हांत घाला. माझ्या मालकांची समजूत मी घालतों." रायाजीपंत खालीं मान घालून म्हणाले, "शिधा सरकारी कोठारांतून द्यावा. तें मी पाहातों." मग अंताजी प्रभूंनीं तेथेंच वाळूवर बसोन कायदा लिहिला. वेगळें ठेवणें टोपीकराचें, सोबतीचें माणूस व शिधा चांगुणेचा, आणि कोणाचेंही घर वा होडी जाळूं नये हें शिळेचें. बाईसाहेबांनीं शिक्का केला. कोळ्यांनीं शब्द पाळिला आणि आजारी आपण होऊन बेटावर नेले, आणि वकिलानेंही शब्द पाळिला, जहाजें उशिरां परंतु आलीं. पुष्कळ मेले. पुष्कळ वांचलेही, आणि फाल्गुनांत ताप उतरला.

मग एके सकाळीं चांगुणा पांढऱ्या कपाळानें चिटणिसांचे दारीं आली आणि टोपलींतून ताजी सुरमई ओट्यावर ठेविली. ती म्हणाली, "दादा, घरधनी गेला. पण माझ्या मांडीवर गेला, तोंडात पाणी घालून गेला. होडी आहे, काल दीर घेऊन गेला दर्यावर, ही त्यातलीच." अंताजी म्हणाले, "मीं कांहीं केलें नाहीं, बाई. मीही भ्यालों होतों." ती म्हणाली, "तुम्ही पाण्यात उतरलात. आम्ही सगळ्यांनी पाहिलं." ती गेली, आणि अंताजी प्रभू टोपली पुढें घेऊन ओट्यावर बसोन राहिले, आणि डोळे पुसूं लागले, आणि घरांतून हांका आल्या तरी उठले नाहींत.

सारांश, वकिलानें जातांना त्या कायद्याची नक्कल मागून नेली, आणि पुढें त्याच्या मुलखीं दारांस खिळे ठोकणें बंद झालें ऐसें वर्तमान आलें. थोरल्या महाराजांचे, परक्या वकिलाचे, आणि लाटांपलीकडून ओरडून बोलिलेल्या त्या बाईचे, ऐसे तिघांचे उपकार राज्यानें मानिले. हा मजकूर.