अर्ध्या ग्लासाचा कायदा

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं, तेव्हा बीड बायपासपलीकडच्या त्या नव्या सोसायटीतला पाण्याचा कारभार तात्यासाहेबांकडे आला. नळ आठवड्यातून एकदा, टँकर त्याच्या मर्जीप्रमाणे. तात्यासाहेबांनी गेटवर फळा टांगला आणि पाणी वाया घालवणाऱ्यांची नावं त्यावर लिहायला सुरुवात केली. पाहुण्याला पाणी अर्धाच ग्लास, हा कायदाही त्यांचाच. पाडव्याला उंबरा धुतला म्हणून शेजारच्या आशाबाईंचं नाव तीन दिवस फळ्यावर होतं, आणि बाई ते विसरल्या नव्हत्या.

अशात तात्यासाहेबांच्या बरगडीवर नागीण उठली. अंगाची नुसती आग. सुनेने, सोनियाने, त्याच दिवशी त्यांना डॉक्टर हिमानींकडे नेलं.

“लवकर आलात, बरं झालं. ही गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोड सुकले तरी मधेच सोडायची नाही. आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर औषध किडनीला त्रास देतं.”

“भरपूर म्हंजी?”

“दर गोळीला पूर्ण ग्लास. शिवाय दिवसभर थोडं थोडं.”

“अर्ध्या ग्लासात भागंल का?”

“नाही.”

तात्यासाहेब हबकले. बायपासपर्यंत ज्याचा दरारा, त्याने घटाघटा पाणी प्यायचं? आणि कारण तरी कसं सांगणार? पाचोडला चुलतभावाला नागीण झाली, तेव्हा अख्खं गाव फोडांना लावायला गेरू घेऊन आलं होतं आणि नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं का, ते जो तो वाकून बघत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी गोळी घोटभर पाण्यावर ढकलली. सोनियाने पाहिलं आणि डॉक्टरांना लावायला फोन उचलला. तेव्हापासून तात्यासाहेब तांब्या घेऊन न्हाणीघरात जायचे, कडी लावायचे आणि आत उभ्या उभ्या प्यायचे. दिवसातून पाच वेळा. न्हाणीची खिडकी आशाबाईंच्या स्वयंपाकघरासमोर होती.

चौथ्या दिवशी फळ्यावर आशाबाईंची ठसठशीत अक्षरं आली : ‘तात्यासाहेब – दिवसाला पाच आंघोळी.’

गेटपाशी सोसायटी गोळा झाली. “न्हाणीतला दिवा पाचदा लागतो. मी मोजलाय,” आशाबाई म्हणाल्या.

“आंघोळ नाय केली मी. चार दिवसांत एकदाबी नाय,” तात्यासाहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं. गर्दी दोन पावलं मागे सरकली.

“मग पाच-पाचदा आत काय करता?”

“पाणी पितो.”

“न्हाणीत?”

तेवढ्यात सोनिया खाली आली आणि तिने डॉक्टरांची चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. पार नागिणीसकट.

आशाबाईंचा चेहरा उतरला. “माझ्या बहिणीला झाली व्हती. लई जळतं वो. आधी सांगायचं ना, तात्या.” त्यांनी पदरानेच फळा पुसला. तात्यासाहेबांना एकदम भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आशाबाई, हातात स्वतःच्या वाट्याच्या पाण्याचा तांब्या. दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे कडुबा. पाच गोळ्यांना पाच घरं ठरली. गेरू कोणी आणला नाही, पण ग्लास रिकामा झाल्याशिवाय दारातून कोणी हलेना. सातव्या दिवशी शेवटच्या गोळीला तात्यासाहेबांचं पोट तट्ट फुगलं होतं. आशाबाईंची नजर चुकवून त्यांनी उरलेला अर्धा ग्लास हळूच मोरीत ओतला.

सकाळी ते ताठ मानेने गेटवर आले. फळ्यावर ओळखीचं अक्षर होतं : ‘तात्यासाहेब – अर्धा ग्लास पाणी मोरीत.’