पात्यांचा बाण आणि एल्डनची होडी

हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता आणि वेंडेल ब्रेक्के घरामागच्या गवतात धनुष्य घेऊन उभा होता. उन्हाळाभर त्यानं साध्या टोकांच्या बाणांनी सराव केला होता आणि फोमच्या ठोकळ्यावर बाणाला बाण खेटून बसत होते. आज मात्र त्यानं शिकारीची टोकं लावली होती. प्रत्येकाला तीन पाती, दाढी करता येईल इतक्या धारेची.

"ठोकळ्यामागे गवताचे गठ्ठे लाव आधी," त्याची बायको मार्व्हा खिडकीतून म्हणाली. "पात्यांना वारा लागला की बाण कुठंही जातो, असं तूच सांगत फिरतोस ना लोकांना?"

"लोकांचा जातो. माझा नाही जात."

गेला. ठोकळ्याच्या उजव्या खांद्यावरून निघाला, झुडपांत शिरला आणि पलीकडून 'टॉक्' असा कोरडा आवाज आला.

झुडपांपलीकडे, सरोवराच्या काठी, एल्डन टोलाक राहायचा. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको जून वारली, तेव्हापासून एकटाच.

"एल्डन! ए एल्डन!"

वेंडेलनं धनुष्य टाकलं आणि या वयात धावू नये तसा धावला.

एल्डन कुठं पडलेला नव्हता. वेंडेलनं देवाचे आभार मानले आणि मग त्याला बाण दिसला. उघड्या छपराखाली दोन लाकडी घोड्यांवर एल्डनची नवी होडी ठेवलेली होती. देवदाराच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या एकेक चिकटवत एल्डननं ती कित्येक महिने खपून बांधली होती. प्रत्येक पट्टी जूननं उन्हात धरून, रंग बघून निवडलेली. बाण एका बाजूनं आत शिरला होता आणि त्याचं टोक दुसऱ्या बाजूनं बाहेर डोकावत होतं.

ओढला तर पाती लाकूड फाडतील, म्हणून वेंडेलनं टोक फिरवून काढलं आणि काडी मागं ओढली. दोन्हीकडे तीन पाकळ्यांचं एकेक भोक राहिलं. तेवढ्यात एल्डनच्या घराचं दार वाजलं. वेंडेलनं खिशातली मेणाची कांडी काढली. धनुष्याच्या दोरीला लावायचं ते मेण, रंगानं थेट देवदारासारखं. त्यानं ते भोकांत दाबलं आणि बाण झुडपात फेकला. का फेकला, ते त्याला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही.

एल्डन आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून विंचरलेले.

"बरं झालं आलास. तुझ्याकडेच निघालो होतो."

"एल्डन, तुला एक सांगायचंय."

"मागाहून सांग. आज होडी पाण्यात घालतोय." तो जरा थांबला. "पुढच्या बाकावर जून बसणार होती. रिकामं ठेवलं तर पुढचं टोक वर उचलतं. दगड ठेवणार होतो, दगडही आणून ठेवलाय. पण मग वाटलं, दगड कशाला? तू बसशील?"

अशा माणसाला नाही म्हणता येत नाही. हो, पण होडीला भोकं आहेत, असंही म्हणता येत नाही. वेंडेल बसला.

वेंडेलचं वजन जूनच्या दुप्पट होतं. त्यामुळे जूनच्या वेळी जी भोकं पाण्याच्या वर राहिली असती, ती आता बरोबर पाण्याखाली गेली. त्यानं हात आत घालून दोन्ही बाजूंना तळवे दाबून धरले.

"असा का बसलायस रे, फळ्या धरून?"

"छान वाटतं हाताला."

"तिनं निवडल्यात," एल्डन म्हणाला आणि वल्हवू लागला.

सरोवराचं पाणी सप्टेंबरात गारठू लागतं. गार पाण्यानं मेण ताठ झालं, सुटलं आणि एक गोळी वेंडेलच्या बुटाशी तरंगत आली. पाठोपाठ दुसरी. मोजे भिजले, मग घोटे. हात बधिर झाले. सरोवराच्या मध्यावर मागचं वल्हं थांबलं.

"मला माहीत होतं," एल्डन म्हणाला.

वेंडेलला मागं वळून बघायचा धीर झाला नाही. "काय?"

"पुढचा सांधा. तो जोडला त्या आठवड्यात ती हॉस्पिटलात होती. हात थरथरत होते माझे. तरी तिला सांगितलं, थेंब येणार नाही आत. शेवटी खोटंच बोललो तिच्याशी."

आता मात्र वेंडेलला बसवेना. "सांधा नाही रे तो! मीच तो गाढव. सकाळी बाण मारला तुझ्या होडीत. या अंगानं त्या अंगापर्यंत. मग मेण भरलं."

एल्डन बाकावरून उतरला, पाण्यातूनच गुडघ्यांवर रांगत पुढं आला. वेंडेलनं मान खाली घातली आणि जे येईल ते सोसायची तयारी केली. एल्डननं त्याचा हात बाजूला सारला, भोकात बोट घातलं. मग शर्टाच्या बाहीनं भोकावरचा तो पुढचा सांधा पुसला आणि अंगठा दाबून टोकापर्यंत सावकाश फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला.

"कोरडा आहे," तो हळूच म्हणाला.

"एल्डन, मी भरून देतो. म्हणशील ते..."

"गप्प बस. तीन पात्यांचा होता?"

"हो."

"दोन्ही बाजूंनी गेला? आणि सांधा उकलला नाही?"

"केसभरही नाही."

एल्डन होडीच्या तळाशी, पाण्यातच मांडी घालून बसला. त्याचे खांदे हलू लागले. वेंडेलला आधी कळेना, हा रडतोय की हसतोय. बहुधा दोन्ही चाललं होतं.

एव्हाना धक्क्यावर मार्व्हा येऊन उभी राहिली होती. दोन म्हातारे, अंगात तरंगती जाकिटं, होडीचे काठ पाण्याला टेकलेले, आणि वल्हं कुणाच्याच हातात नाही.

"अरे, बुडताय तुम्ही!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

एल्डन कमरेइतक्या पाण्यात ताठ बसला आणि किती तरी महिन्यांनी मोठ्यानं बोलला.

"बुडतोय गं! पण सांध्यातून नाही!"