खाट एक, झोपा दोन

"चोवीस वर्षांचा मुलगा आणि साखर काठावर?" कंपनीच्या डॉक्टर शोभा मॅडमनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "हर्षल, झोपतोस किती?"

"भरपूर, मॅडम."

"भरपूर म्हणजे?"

हर्षलने छताकडे पाहिलं. छतावर आकडा लिहिलेला नव्हता. सिल्वासातल्या एका धाग्याच्या कंपनीत तो महिनाभर रात्रपाळी करत होता. सकाळी साडेआठला आमली भागातल्या खोलीवर यायचं, खाटेवर पडायचं आणि फक्त एकच व्हिडिओ बघायचा असं ठरवायचं. तो एकच व्हिडिओ साधारण दुपारी एकला संपायचा.

"झोप मोडली की शरीराला साखर नीट वापरता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "भूक मात्र दुप्पट लागते. वर पाळीत सहा कप गोड चहा आणि सकाळी गेटवरचा फाफडा-जलेबीचा पुडा. हा घे पट्टा, मनगटावर बांध. पंधरा दिवस तुझी झोप मोजू. झोप सुधारली तरच तुझ्या मेडिकलवर सही करीन."

मेडिकलवर सही नसेल तर कायम नोकरीचं पत्र नाही, आणि पत्र नसेल तर तेजस्विनी नाही, एवढा साधा हिशेब होता. नंदुरबारच्या भगवंतरावांनी मुलीच्या बाबतीत स्वच्छ सांगितलं होतं, "आधी कायम झाल्याचा कागद दाखवा, मग सुपारी फोडू."

आता इथे ललितची ओळख करून द्यायला हवी. हर्षल आणि ललित एका खोलीत राहायचे; पण सोबत राहायचे असं म्हणता येत नाही. हर्षल रात्रपाळीला, ललित दिवसपाळीला. पाळ्या बदलल्या तरी दोघे उलटसुलटच राहतील अशी सोय त्यांनी मुकादमाकडून करून घेतली होती, कारण खोलीत खाट एकच होती. खाट कधी थंड पडत नसे. उशी एक, चादर एक, चार्जर एक, रबरी चपलांचा जोड एक. भेट व्हायची ती गेटवर, हात हलवण्यापुरती. बाकी सगळा संसार दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहून चालायचा: "मोटर सातला चालू करणे." "दूध तापवणे." "तानूबाईंना कडी लावायला सांगणे." तानूबाई म्हणजे घरमालकीण. दारामागे लिहिलेलं दोघांनीही पाळायचं, हा या घरचा कायदा होता.

मशीनजवळ अंगठी, कडं, दोरा असलं काही चालत नाही. त्यामुळे हर्षल कामावर जाताना पट्टा काढून खाटेवरच्या खिळ्याला अडकवायचा. परत आल्यावर विसरू नये म्हणून त्याने दारामागे ठळक लिहिलं: "खाटेवर पडताना पट्टा बांधणे. डॉक्टरांची ऑर्डर."

आठवड्याने मॅडमचा फोन आला.

"हर्षल, अरे, तू रोज साडेबारा तास झोपतोयस!"

"मी?"

"पट्ट्याची नोंद इथे माझ्या मोबाइलवर दिसते. थोडं कमी कर बाबा. अति झोपही बरी नाही."

हर्षल चक्रावला. आपल्या मते तर आपण चार तास झोपतो! पण शिकलेल्या बाईंपेक्षा आणि त्यांच्या यंत्रापेक्षा आपलं मत मोठं कसं असेल? म्हणजे आपण व्हिडिओ बघता बघता झोपतो आणि झोपेतच पुढचे व्हिडिओ बघतो, असा त्याने शोध लावला. मनावरचं ओझं उतरलं. त्या आनंदात त्याने अर्धा पाव जलेबी खाल्ली आणि झोप कमी करायची डॉक्टरांचीच आज्ञा असल्यामुळे दुपारी दोनपर्यंत मोबाइल पाहिला.

पंधराव्या दिवशी पाळी संपता संपता त्याला ऑफिसात बोलावणं आलं. मॅडमच्या शेजारी प्रॉडक्शनचे गजानन साहेब बसले होते. गजानन साहेब मूळचे रत्नागिरीचे. ते हसले की लोकांना अधिक भीती वाटायची. आत्ता ते हसत होते.

"ये. नीट झोप झाली ना?"

"साहेब, आत्ताच ड्यूटी संपली."

"तेच विचारतोय." साहेबांनी मोबाइल पुढे केला. "रात्री साडेनऊ ते सकाळी सहा, गाढ झोप. रोज. पंधराच्या पंधरा दिवस. आणि त्या वेळी तुझं हजेरीचं कार्ड कंपनीत पंच झालेलं!"

पत्र गेलं, सुपारी गेली, आता नोकरीही जाणार.

"आईशप्पथ साहेब, मी डोळ्याला डोळा लागू देत नाही!"

"मग यंत्र खोटं बोलतं?"

"यंत्र खोटं नाही, साहेब. पण मी बी खोटं नाही सांगी राहिलो."

"बरं, एक सांग." साहेबांनी वही उघडली. "या पंधरवड्यात अख्ख्या खात्यात सगळ्यात कमी धागा तुझ्या मशीनवर तुटलाय. झोपून एवढं काम होत असेल, तर बाकीच्यांनाही गाद्या द्याव्या म्हणतो मी."

साहेब चेष्टा करत होते, पण हर्षलला खरंच शंका आली. झोपेत व्हिडिओ बघणारा माणूस झोपेत मशीनही चालवू शकेल! तो रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, मला काही मोठा आजार तर नाही ना?"

मॅडमना त्याची दया आली. त्यांनी चष्मा वर केला. "कामावर असताना पट्टा कुठे असतो तुझा?"

"खोलीवर. खाटेवरच्या खिळ्याला."

"आणि खाटेवर कोण असतं?"

"ललित."

मग नुकत्याच पाळीला आलेल्या ललितला बोलावलं गेलं. तो जांभई देतच आत आला.

"तू याचा पट्टा बांधून झोपतोस?" साहेबांनी विचारलं.

"हां, मग?" ललितला प्रश्नच कळला नाही. "दारामागं लिहेल आहे ना, साहेब. खाटेवर पडताना पट्टा बांधणे. मला वाटलं खाटेचाच हाय."

"अरे भो, तो माझ्यासाठी होता!" हर्षल ओरडला.

"मग नाव टाकायचं ना. मोटरवर कधी नाव टाकतो का आपण?"

गजानन साहेब आता खरोखर हसले, आणि पहिल्यांदाच कुणालाही भीती वाटली नाही. मॅडम मात्र मोबाइलमधून मान वर करेनात.

"म्हणजे दिवसाची चार तासांची झोप तुझी, हर्षल. मोबाइल बघतोस ना?"

"हो, मॅडम." आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"आणि रात्रीची याची. ललित, तू साडेआठ तास झोपून आत्ता जांभया का देतोस?"

"मला झोप लई प्यारी, मॅडम. कुठं बी टेकलो की लागते."

"याला दोनदा समज दिलीय मी," साहेब म्हणाले. "दुपारी मशीनला टेकून डुलक्या काढतो. तिसऱ्या वेळी काढूनच टाकणार होतो."

"नका काढू. याच्या रक्तातला ऑक्सिजन रात्रभर खाली-वर होतोय. घोरतोस का रे?"

उत्तर हर्षलने दिलं. "तानूबाई म्हणतात, भिंतीपलीकडं गिरण चालू असते."

"झोपेत श्वास अडकत असावा. पट्ट्यावरून नक्की सांगता येणार नाही, मोठ्या दवाखान्यात तपासायला हवं. हा रात्रभर पडून राहतो, पण याला खरी झोप लागतच नाही. आळशी नाहीये तो."

ललितची जांभई अर्ध्यावर थांबली. लहानपणापासून आळशी म्हणून शिव्या खाल्लेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले. "मॅडम, हे माझ्या बापाला फोनवर सांगाल का?" तो म्हणाला.

तपासणीत मॅडमची शंका खरी निघाली आणि ललितला रात्री नाकावर लावायचं यंत्र मिळालं. हर्षलला आणखी तीन महिन्यांची मुदत मिळाली. अट एवढीच, की दोघांनीही तीन महिने फक्त दिवसपाळी करायची आणि रात्री साडेनऊला अंथरुणावर पडायचं.

पहिल्या संध्याकाळी दोघे एकदम खोलीवर आले आणि खाटेसमोर उभे राहिले. वर्षभर एका खाटेवर झोपलेल्या त्या दोघांना खाट लहान आहे हे पहिल्यांदाच दिसलं.

"तू आजारी. तू झोप वर," हर्षल म्हणाला.

"तुझी साखर हाय. तू झोप."

शेवटी तानूबाईंनी चटई आणून टाकली, हर्षलचा मोबाइल काढून घेतला आणि दारामागे स्वतः लिहिलं: "खाट ललितची. पट्टा हर्षलचा. मोबाइल माझ्याकडे." या वेळी नावं टाकलेली होती.

तीन महिन्यांनी साखर काठावरून मागे सरकली. मॅडमनी सही केली आणि कायम नोकरीचं पत्र हर्षलच्या हातात पडलं. त्याला इतकं हलकं वाटलं, की आमलीच्या नाक्यावर जलेबीकडे न बघताच तो पुढे गेला. तानूबाईंनी त्या दिवशी खास सवलत म्हणून नऊनंतरही मोबाइल दिला. त्याने चटईवर पडून तेजस्विनीला फोन लावला.

"मिळालं पत्र! आता बाबांना सांग..."

"काय सांगू?"

हर्षलकडून उत्तर गेलं नाही. साडेनऊ वाजले होते.

"हॅलो? अहो? काय सांगू बाबांना?"

मोबाइल परत न्यायला आलेल्या तानूबाईंनी हळूच तो त्याच्या हातातून काढून कानाला लावला. खाटेवर ललितचं यंत्र बारीक आवाजात चालू होतं आणि गिरण बंद होती.

"सांग पोरी, कायम झाला," त्या म्हणाल्या. "आणि झोपलासुद्धा."