टिपणीसकाकांचा पाचवा दिवस

टिपणीसकाकांचा आठवडा पाच दिवसांचा होता. कामाच्या बाबतीत नव्हे. अजमानच्या कपड्यांच्या कारखान्यात ते सहा दिवस जात आणि मॅनेजरने 'हबीबी' म्हटलं की सातव्या दिवशीही जात. पण भाजीबाजाराला ते दर पाचव्या दिवशीच निघत, मग तो सोमवार असो की ईद. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनी दर पाचव्या चौकोनाला लाल गोल केला होता. आमच्या इमारतीत बरेच दिवस समज होता की काका कुठल्यातरी औषधाचे डोस मोजतात.

शारजाच्या रोल्ला भागात आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. त्याआधी काका बरीच वर्षं जावा बेटावर एका सूतगिरणीत होते. गिरणी भातशेतीच्या मधोमध होती आणि शेजारच्या वस्तीत दर पाचव्या दिवशी बाजार भरायचा. बाजाराला तिकडे 'पासार' म्हणतात, हे इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण काकांचं प्रत्येक वाक्य "आमच्या पासारला" असंच सुरू व्हायचं.

आमच्या पासारला बायका पहाटे ट्रकमधून उतरायच्या, पाठीला टोपली बांधून. आमच्या पासारला गूळ नारळाच्या करवंटीच्या आकाराचा मिळायचा. आमच्या पासारला पहिलं गिऱ्हाईक आलं की विकणारी त्याची नोट मिरच्यांना, वांग्यांना, तराजूला लावून घ्यायची, म्हणजे दिवसभर विक्री होते. "आणि बोहनीच्या गिऱ्हाइकाला कधी रिकाम्या हाताने पाठवत नाहीत," काका सांगत. "म्हणून पहिलं जायचं."

म्हणून ते सकाळी सहाला हमजाच्या भाजीच्या दुकानासमोर उभे राहत. शुक्रवारी दुकान उशिरा उघडे, तेव्हा बंद शटरपुढच्या पायरीवर बसून राहत. हमजा केरळचा, शांत माणूस. पण काका दिसले की त्याचा चेहरा आयकर अधिकारी दारात आल्यासारखा व्हायचा.

काका वांगं उचलून त्यात दोष काढत. मग भाव विचारत, आणि तो ऐकून छातीला हात लावत. मग त्याच्या गावाची, आईच्या गुडघ्याची, मुलाच्या शाळेची चौकशी. मग पुन्हा वांगं. शेवटी "राहू दे" म्हणून निघत, पण हळूहळू. "हाक मारणारा हरला," हा त्यांचा नियम. हमजा दर वेळी हरायचा.

"काका, दो दिरहम के लिए इतना टाइम?"

"अरे, बोललास त्या भावाने घेतलं तर तुला वाटेल, या माणसाला माझ्याशी बोलायचंच नाही."

माझी पुण्याची आत्या मला पत्रकं आणि पुस्तिका पाठवायची आणि मी त्या तोंडपाठ करायचे. घासाघीस म्हणजे गरिबाकडून गरिबाची पिळवणूक, असं मी काकांना सुनावलं होतं. काका म्हणाले, "बरोबर आहे, कॉम्रेड. पण त्या पुस्तिकेत आईच्या गुडघ्याबद्दल काही आहे का?" नव्हतं.

काकांची आणखी एक सवय होती. पैसे दिले की ते पिशवी उघडून डाव्या बाजूला धरत आणि तसेच उभे राहत. डावीकडे कोणी नसे. हमजा एक क्षण वाट पाही, मग "डालो ना, काका" म्हणे आणि वैतागून भाजी स्वतःच पिशवीत ओती. वय झालं की असं होतं, असं आम्ही म्हणायचो. काकू मी पाहिल्या नव्हत्या. त्या जावातच वारल्या, एवढं आईकडून कळलं होतं. काकांच्या पासारच्या गोष्टीत त्या कधी येत नसत.

आमच्या वरच्या मजल्यावर प्रधानसाहेब राहत. ते मराठी मंडळाचे अध्यक्ष होते आणि माणुसकी या विषयावर दर गणपतीत भाषण करत. त्यांच्याकडे घरकामाला एक इंडोनेशियन बाई होती. नाव सुमियाती. प्रधानवहिनींनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून 'सुमन' ठेवलं, कारण पाहुण्यांसमोर तोंडात बसायला हवं. तिचा दोन वर्षांचा करार संपून गेला होता, ठरलेली रजा उलटून गेली होती, आणि पासपोर्ट प्रधानांच्या लॉकरमध्ये वहिनींच्या पाटल्यांशेजारी होता. सुरक्षित राहावा म्हणून.

"तिलाच जायचं नाहीये," वहिनी सांगत. "विचारलं की हसते नुसती."

विचारायच्या ते मराठीत.

मग सुमियाती जेवेनाशी झाली. तिला काय दुखतंय ते विचारायला काकांना बोलावलं. त्यांच्याइतकी तिची भाषा येणारं इमारतीत कोण होतं? भाषातज्ज्ञ कसा वागतो ते बघायला मीही गेले. काका ऐटीत खुर्चीवर बसले, घसा साफ केला आणि विचारलं, "ब्रापा?"

म्हणजे कितीला. सुमियाती बघत राहिली. काका मग म्हणाले, फार महाग आहे, काही कमी होईल का. त्यानंतर जेवलीस का आणि गाव कुठलं. तिथे काकांची इंडोनेशियन भाषा संपली. इतकी वर्षं पासार, पासार, आणि माणसाला पासारच्या पलीकडचा एक शब्द येत नव्हता.

सुमियाती आधी तोंडावर हात ठेवून हसली. इतकी हसली की ओट्याला धरून खाली बसली. मग त्याच दमात रडत बरंच काही बोलली.

काका तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होते. "हिला घरी जायचंय," ते म्हणाले.

"एवढं लांबलचक बोलली आणि अर्थ एवढाच?" वहिनी म्हणाल्या.

"बाकीचं मला आलं नाही. पण पुलांग म्हणाली. दुपारी पासार उठला की बायका टोपल्या उचलताना म्हणायच्या. पुलांग, पुलांग. चला घरी."

सुमियातीने मग बोटं दाखवली, चार. हात कमरेएवढा खाली धरला. मुलगी. ती दोन वर्षांची असताना ही निघाली होती.

मी भडकले. प्रधानसाहेबांविरुद्ध एक पत्रक लिहून काढलं; त्यात 'धिक्कार' हा शब्द जागोजागी होता. ते लिफ्टमध्ये चिकटवणार होते. काकांनी वाचलं, घडी घालून परत दिलं. "छान आहे. पण भाषणाने भेंडीसुद्धा स्वस्त होत नाही, कॉम्रेड. परवा बाजाराचा दिवस आहे. सकाळी सहाला ये."

त्या दिवशी ते खाली हमजाकडे गेले नाहीत. पिशवी घेऊन वर गेले आणि प्रधानांची बेल वाजवली. बोहनीचं गिऱ्हाईक.

प्रधानसाहेब बनियनवर होते. काका म्हणाले, "साहेब, सुमियातीला आज पाठवा."

"आज? काका, काहीतरीच काय."

"बरं, मग तुम्ही सांगा."

"हे बघा, मार्चमध्ये मुलांच्या एक्झॅम्स. एप्रिलमध्ये हिचे आईबाबा येतायत. जूनमध्ये बघू. इन्शाल्ला."

काकांनी छातीला हात लावला. "जून फार महाग आहे."

"महाग म्हणजे?"

"जूनमध्ये सगळं गल्फ गावी निघतं, तिकीट मिळत नाही. जून वरून चांगला दिसतो, आतून किडका आहे. उद्या द्या."

"मे," वहिनी आतून म्हणाल्या आणि जीभ चावली.

"मे उन्हाने सुकलेला. ताजं काय आहे?"

प्रधानसाहेब आता चिडले. "हा आमच्या घरचा मामला आहे. आणि ती गेली आणि परत आलीच नाही तर?"

"नाही आली तर मी येतो भांडी घासायला. माझा हात चांगला आहे." काकांनी पिशवी काखेत मारली. "राहू दे, साहेब. नाही परवडत. जरा बाकीच्या मजल्यांवर विचारून येतो, काय भाव चाललाय."

आणि ते निघाले. हळूहळू. दाराआड सुमियाती उभी होती आणि काका खरोखरच लिफ्टकडे चालले होते. पाच मजल्यांवर मंडळाचे तेरा सभासद होते आणि पुढच्या आठवड्यात मंडळाची निवडणूक होती. लिफ्ट आली. काकांनी दार उघडलं, एक पाय आत ठेवला.

"अहो काका, थांबा," प्रधानसाहेबांनी हाक मारली.

पुढच्या गुरुवारावर सौदा पटला. सौदा पटला की वर मूठभर मिरच्या मागायच्याच, हा पासारचा रिवाज. काकांनी वर पासपोर्ट मागून घेतला.

मी जे पत्रकाने करू पाहत होते ते काकांनी वांग्यासारखं उरकलं. मला त्याचा थोडा रागच आला.

गुरुवारी सुमियातीची बॅग मी खाली नेली. लिफ्टमध्ये ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "काका औरत जैसा भाव करता. हमारा उधर आदमी लोग पासार में नहीं बोलता. शरम आता. औरत बोलता, आदमी सिर्फ थैला पकड़ता." आणि पुन्हा खुदकन हसली.

खाली काका उभे होते. तिने वाकून त्यांचा हात कपाळाला लावला. काका म्हणाले, "पुलांग," आणि ती म्हणाली, "पुलांग." एवढंच संभाषण झालं. बाकीचं त्यांना आलंच नसतं.

पुढच्या लाल गोलाच्या दिवशी मी सकाळी सहाला त्यांच्याबरोबर गेले. वांगी, दोष, छातीला हात, हमजाच्या आईचा गुडघा. हमजा हरला. काकांनी पैसे दिले, पिशवी उघडून डावीकडे धरली आणि उभे राहिले.

मी पलीकडून वळून डाव्या बाजूला गेले. वांगी उचलून पिशवीत ठेवली, मग मिरच्या, मग टोमॅटो.

काका पिशवीत बघत होते. "अगं, टोमॅटो वर नाही," ते हळूच म्हणाले. "मिरच्या वर. तुझी काकू मिरच्या वर ठेवायची."

मी टोमॅटो काढले आणि पुन्हा भरायला घेतले. काकांनी पिशवी आणखी थोडी रुंद केली.