ओढ्यातला मंजूर वाटा

पाणी खात्याचे निरीक्षक सकाळी साडेनऊला आले ते हातात तार आणि सील घेऊनच. दार उघडणाऱ्या सुनेच्या कडेवर बाळ होतं आणि खांद्यावर त्याचा लंगोट.

"तुमच्या रोपवाटिकेला ओढ्यातून वर्षाला तीन हजार घनमीटर पाणी मंजूर आहे," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "तुम्ही स्वतःच कळवलेला आकडा चार हजार शंभर. नियमाने पंपाला तीन महिने सील."

घरामागे आठ हजार रोपं पिशव्यांत उभी होती. तीन महिने सोडाच, तीन दिवस पाणी चुकलं तरी माना टाकणारी. पुढच्या हंगामासाठी तर तिने बारा हजार रोपांची ऑर्डर घेऊन ठेवली होती.

पाणी मोजून रोज कळवायचं, असा नवा नियम आला तेव्हा ते काम सासऱ्यांनी मागून घेतलं होतं. निवृत्त पोस्टमास्तर. सकाळी आठ म्हणजे आठ. ताप असतानाही मफलर गुंडाळून त्यांनी आकडा कळवला होता.

"आम्ही थेंब वाया घालवत नाही हो," सासूबाई म्हणाल्या.

"मग हे काय?" निरीक्षकांनी तक्ता उलगडला. "बारा तारखेला एकदम दुप्पट!"

"त्या दिवशी लेक-जावई आले होते."

"जावयांना ओढा पाजलात? बरं, हा आठवडा बघा. सतत पाऊस. सगळ्यांचे पंप बंद, आणि तुमचं पाणी वर्षातलं सगळ्यांत जास्त. भर पावसात रोपांना पाणी घालता?"

सून तक्त्यावर वाकली. तो आठवडा ती विसरणं शक्यच नव्हतं. लंगोट वाळत नव्हते, बाळ दोनदा शिंकलं होतं, आणि तिने सात दिवस हीटरला उसंत दिली नव्हती. तिच्या डोक्यात काहीतरी लखलखलं.

"बाबा, तुम्ही आकडा कुठल्या मीटरवरून घेता?"

"दाराशेजारच्या."

"अहो, तो विजेचा आहे!"

"माहीत आहे की. पण पाण्याचा मीटर खड्ड्यात. खड्ड्यात उतरू नका, पाय घसरेल, अशी शपथ कोणी घातली होती? तूच ना? मग मी विचार केला, पंप चालतो विजेवर. वीज किती गेली ते कळवलं की पाणी किती आलं ते आलंच त्यात."

निरीक्षक मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे वर्षभर आमचं खातं तुमचा फ्रीज मोजत होतं?"

"आणि इस्त्री," सासूबाईंनी भर घातली.

शेवटी सगळी वरात खड्ड्याकडे निघाली. "डावी पायरी शेवाळलेली आहे, साहेब. कठडा हलतो, धरू नका. पुढे वाकू नका," सून वरून सांगत राहिली. निरीक्षक दहा मिनिटांनी तळाशी पोचले.

"एक हजार नऊशे दहा!" खालून आवाज घुमला.

सुनेने बाळाचा असा मुका घेतला की ते रडायलाच लागलं. निरीक्षकांनी सील परत पिशवीत टाकलं आणि ओसरीवर बसून दुरुस्तीचा अर्ज लिहून घेतला. सासऱ्यांनी तीन प्रतींवर वळणदार सह्या ठोकल्या.

"चला, मिटलं," निरीक्षक उठले. "पुढच्या वर्षीपासून तुमचा वाटा एक हजार नऊशे दहा."

"आणि ते तीन हजार?" सुनेने विचारलं.

"न वापरलेलं पाणी नियमाने परत जातं, ताई. दुसऱ्या रोपवाटिकांना देतात. वर्षअखेरीला मीटरवर जो आकडा असेल, तोच तुमचा वाटा."

"वर्षअखेर कधी?"

"अजून चार दिवस आहेत."

निरीक्षक बूट घालायला वाकले. एकच बूट पायात चढला होता, तेवढ्यात त्यांच्या मागून सासूबाईंचा आवाज आला.

"अहो, बघत काय बसलात? पंप लावा!"