गळका हेडफोन

पेणच्या दुकानात सिस्टरांनी पर्समधून स्टेथोस्कोप काढला, तेव्हा दुकानदाराला वाटलं, कुणाला चक्कर आली. सिस्टरांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला, गाणं लावलं, स्टेथोस्कोप हेडफोनच्या पाठीला टेकवला आणि सवयीनं म्हणाल्या, "श्वास सोड."

मी सोडला. डोळे मिटून त्यांनी आधी डावी बाजू तपासली, मग उजवी. शेवटी पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा सुरात दुकानदाराला म्हणाल्या, "गळतंय हो."

सिस्टर रोह्यात आमच्या शेजारी राहतात. सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण अख्खी आळी अजून त्यांना सिस्टरच म्हणते. घरात माणसं दोन. त्या आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्कांचं घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता त्या आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर असतात. काही हवं असलं की चमच्यानं खाटेच्या दांडीवर ठोकतात, जास्त सांगायचं असलं की पाटीवर लिहितात.

हेडफोन घेताना सिस्टरांची अट एकच. "बाहेरचं आत आलं तरी चालेल. आतलं बाहेर जाता कामा नये."

पहिला त्यांनी रोह्यातच घेतला. त्याच्या पाठीला जाळी होती आणि गाणं अर्ध्या खोलीला ऐकू येत होतं. "कानाच्या वस्तूला खिडक्या कशाला?" म्हणून तो परत गेला. दुसऱ्याची पाठ बंद होती, पण गादी कानाच्या पाळीवरच टेकायची. "ड्रेसिंग जखमेपेक्षा मोठं लागतं," असं त्या दुकानदाराला शिकवून त्यांनी तोही परत केला. पेणला मात्र अख्खा कान आत मावेल असा एक सापडला. तोही गळत होता, पण चष्म्याच्या काडीमुळे फट राहते हे सिस्टरांनीच शोधून काढलं. माझा चष्मा उतरवून त्यांनी पुन्हा तपासणी केली आणि पेशंटला डिस्चार्ज दिला.

परतीच्या एस.टी.त नागोठणं गेल्यावर मी विचारलं, "सिस्टर, एवढं कशासाठी?"

त्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आम्ही दोघी देवळात भजन म्हणायचो. अक्का पुढे, मी मागे. तिचा गळा गेला त्या दिवशी मी गाणं सोडलं. रेडिओसुद्धा माळ्यावर टाकला. जिचा आवाज गेला तिच्या कानावर गाणं घालायचं म्हणजे काय ते? पण आता या वयात राहवत नाय रे. दुपारी ती आडवी झाली की तासभर ऐकते. तरी तिला कळतंच. गाणं संपून मी हेडफोन काढते, तर आतून ठोकत असते. रागानं."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"विचारलं म्हणजे मी ऐकते हे कबूल केलं की!"

मला आमची भिंत आठवली.

माझी नाइट शिफ्ट असली की मी दुपारी घरी झोपतो. उशाशी सिस्टरांच्या घराची भिंत आहे. महिनाभर त्या भिंतीतून एक आवाज येत होता. बाईचा, बारीक, थोडा थरथरता. पेटी नाही, तबला नाही. ओळीच्या मध्येच सुरू व्हायचा, मध्येच तुटायचा. मग इतका वेळ शांतता, की आपल्याला भास झाला असं वाटावं. आणि डोळा लागतोय तोच पुन्हा, भलत्याच ठिकाणाहून. मध्ये मध्ये लोखंडावर टक्... टक्.

एकदा माझ्या बायकोनंही ऐकलं. ती पांढरीफटक पडली. "त्या घरात गाणार कोण? सिस्टर तर गात नाहीत."

आई कडवे वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अक्काचा गेलेला आवाज हाय गो तो. गेला म्हणजे कुठं जानार? घरातच फिरतो."

त्या दिवसापासून मी उशी दुसऱ्या बाजूला केली.

पेणहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांनी हाक मारली. "मी पडवीत बसून ऐकते. तू आत जाऊन अक्काच्या खाटेपाशी उभा राहा. जरा जरी आलं तरी मला सांग."

मी आत गेलो. खिडकी लावलेली होती. अक्का पाठ टेकून बसल्या होत्या, चांगल्या जाग्या. मला बघून त्या हसल्या. हेडफोनचा आवाज अजिबात येत नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात तो आवाज आला. भिंतीआडून नाही, त्याच घरातून. ओळीच्या मध्येच सुरू झालेला.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. मी पडदा बाजूला केला.

पडवीत सिस्टर डोळे मिटून बसल्या होत्या. चष्मा मांडीवर, हेडफोन कानांवर, आणि त्या गात होत्या. गात आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं. गाण्यात नुसती वाद्यं वाजायला लागली की त्या गप्प व्हायच्या. ओळ आली की मान हलवत पुन्हा सुरू.

मागे टक् झालं. अक्कांच्या हातात चमचा होता. मी वाकून हळूच म्हटलं, "त्रास होतो ना? सांगू का त्यांना, थांबा म्हणून?"

अक्कांनी माझं मनगट असं धरलं, की या म्हातारीत एवढा जोर असेल असं कधी वाटलं नव्हतं. मग पाटी ओढून त्यांनी भराभरा लिहिलं. "खबरदार. कळलं तर लाजेल. परत गाणार नाय."

"मग ठोकता कशाला?"

त्यांनी तळव्यानं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

"समेवर उशिरा येते. लहानपणापासून."

मी वाचलं हे पाहून त्यांनी तेही पुसलं, पाटी उशीखाली सरकवली आणि चमचा उचलून पडवीकडे कान लावला. सिस्टर ओळीच्या शेवटाशी येत होत्या.