युरोपियमची रांगोळी

रांगोळी काढावी तर मीच! खोटं वाटत असेल तर आमच्या पुरानी बस्तीत कुणालाही विचारा. त्या दिवशी आमच्या लेकीची, ईराची, विद्यापीठात मोठी परीक्षा होती. स्वतः तयार केलेल्या पावडरीचा दिवा ती बाहेरगावच्या परीक्षकांसमोर बनवून पेटवणार होती. अशा दिवशी उंबरा कोरा ठेवायचा? बायको, म्हणजे सत्यभामा, मंदिरात गेल्याबरोबर मी बैठक मारली.

पावडर युरोपियम नावाच्या धातूपासून केलेली. तिचा पातळ थर द्यायचा आणि वीज सोडायची. मग बाकीचे रेणू ऊर्जा गोळा करून युरोपियमच्या हवाली करतात आणि तो लालभडक उजेड देतो, असं ईरानं समजावलं होतं. राबायचं एकानं, चमकायचं दुसऱ्यानं! सरकारी नोकरीमुळे मला ते लगेच कळलं.

देवघराच्या फडताळातली डबी घेतली. रांगोळी हाताला जरा जास्तच मऊ लागली. पण कमळ काय सुरेख उमटलं!

काम झाल्यावर स्वयंपाकघरात चक्कर मारून आलो, तर ईरा फडताळासमोर उभी.

"बाबा, मेरी सफेद डिब्बी? सूखी जगह थी, इसलिए यहाँ रखी थी."

मी कमळाकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

"बाबा! चार महीने लगे थे!"

तिचे डोळे भरले. पोरीची परीक्षा मी उंबऱ्यावर सांडली होती!

तिनं डबी उचलली, खिडक्या लावल्या आणि जांभळ्या उजेडाची टॉर्च आत मारली. तळाशी उरलेली चिमूटभर पावडर त्या उजेडात लाल चमकली.

"इतना बहुत है! लेयर तो बाल से भी पतली रहती है."

मी देवाला हात जोडले. तेवढ्यात टॉर्च वळली. माझी बोटं लाल! मिशी लाल! लाल ठिपके थेट स्वयंपाकघरात, बेसनाच्या लाडवांच्या डब्यापर्यंत!

"बाबा, पहले मुँह धोकर कुल्ला करो!"

दारात सत्यभामा उभी होती.

"काहून हो, शुगर आहे ना तुम्हाले? गोड सोडलं म्हणून सांगून राहिले होते!"

"अगं, रांगोळी काढताना लागलं..."

"मिशीनं काढली काय?"

ईरा पास झाली. दिवा नखाएवढा, पण असा पेटला की परीक्षक खुर्चीवरून उठले. मला फार आनंद झाला. सत्यभामेनं लेकीकडे फक्त दोन गोष्टी मागितल्या: ती टॉर्च आणि लाडवांच्या डब्याच्या झाकणाला लावायला चिमूटभर पावडर.

हल्ली मी झाकण रुमालानं उघडतो. काल सत्यभामेनं धुवायला रुमाल मागितला. दुसऱ्या हातात टॉर्च होती!